क्रिटेशस कालखंडातील पर्णजीवाश्म

क्रिटेशस कालखंडातील पर्णजीवाश्म म्हणजे सुमारे १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पानांचे खडकांत टिकून राहिलेले ठसे, कार्बनी अवशेष किंवा अश्मीभूत भाग होत. त्यांची ओळख पटविणे व त्यांचे वर्गीकरण करणे हा पुरावनस्पतिविज्ञानाचा एक महत्त्वाचा विषय आहे. पान हे झाडापासून सहज गळून पडणारे इंद्रिय असल्यामुळे एकाच झाडाची हजारो पाने गाळात जाऊ शकतात. परंतु ती खोड, फूल व फळ यांच्यापासून विलग झालेली असतात. त्यामुळे पर्णजीवाश्म संख्येने विपुल असले तरी ते कोणत्या वनस्पतीचे हे ठरविणे अवघड असते. केवळ बाह्य आकारावरून दिलेली ओळख अनेकदा चुकीची ठरली आहे. म्हणून खडकाचा प्रकार, जतनाची रीत, शिराविन्यास व उपत्वचेची रचना हे चारही पुरावे एकत्र पाहून निष्कर्ष काढण्याची पद्धत रूढ झाली आहे.

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या बेसॉल्ट खडकाने व्यापला आहे, तो क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस व त्यानंतर लगेच निर्माण झाला. पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांचे डोंगर याच खडकाचे आहेत.

## कालखंड आणि वनस्पतींतील बदल

क्रिटेशस हा मध्यजीव महाकल्पाचा शेवटचा कालखंड होय. त्याचे नाव खडू या अर्थाच्या ‘क्रेटा’ या लॅटिन शब्दावरून आले असून, पॅरिस खोऱ्यातील खडूच्या थरांवरून बेल्जियन भूवैज्ञानिक दोमालियुस दालुआ यांनी १८२२ मध्ये ते सुचविले. या कालखंडाचे पूर्व व उत्तर असे दोन भाग केले जातात.

पूर्व क्रिटेशसच्या आरंभी जमिनीवर नेचे, सायकॅड, बेनेटायटेलीझ, गिंको व सूचिपर्णी वृक्ष यांचे प्राबल्य होते. याच काळात आवृतबीज, म्हणजे फुले व फळे धारण करणाऱ्या वनस्पती अवतरल्या आणि कालखंड संपेपर्यंत अनेक प्रदेशांत त्या प्रमुख झाल्या. हा बदल पानांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया व मेरीलँड या राज्यांतील पोटोमॅक गटाच्या थरांचा अभ्यास करून लिओ हिकी व जेम्स डॉइल यांनी १९७७ मध्ये दाखविले, की खालच्या, म्हणजे जुन्या थरांतील आवृतबीज पाने साधी व अनियमित शिरांची आहेत. वरच्या थरांकडे जावे तसे त्यांचे आकार विविध होतात आणि शिरांची मांडणी अधिक नियमबद्ध होत जाते. परागकणांचा क्रमही याच्याशी जुळतो.

## भोर–वेल्हे परिसर आणि दख्खन ट्रॅप

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील रायरेश्वराचे पठार, राजगड, तोरणा व वरंधा घाट यांच्या कड्यांवर एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात. हे लाव्हाच्या एकामागून एक आलेल्या प्रवाहांचे थर होत. कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो व त्याखालचा मऊ थर झिजून उतार तयार होतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्यांचे रूप येते. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच ‘ट्रॅप’ हे नाव रूढ झाले आहे. सह्याद्रीतील या थरांच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून त्यांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे क्रिटेशस व पॅलिओजीन या कालखंडांच्या सीमेच्या आसपासचे येते.

खडकाचे वय योग्य असले तरी या परिसरात त्या काळातील पाने सापडण्याची शक्यता फार कमी आहे. याची कारणे खडकाच्या निर्मितीत आहेत. बेसॉल्टचा लाव्हा १,००० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानाचा असतो. त्याच्या संपर्कात आलेले पान जळून जाते. दोन प्रवाहांच्या मध्ये जो निवांत काळ जाई, त्यात खडकाची झीज होऊन माती तयार होत असे. घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूंवर दिसणारे तांबडे पट्टे अशा झिजेतून झालेले असून त्यांना ‘लाल बोल’ म्हणतात. त्यांचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्सिडीकरणामुळे आलेला आहे. जिथे हवा खेळते आणि लोह गंजते, तिथे पानही कुजून नाहीसे होते. पान टिकण्यासाठी शांत पाणी, बारीक गाळ व प्राणवायूचा अभाव लागतो. अशी स्थिती लाव्हाप्रवाहांच्या मधल्या तळ्यांत निर्माण झाली. परंतु ती तळी प्रामुख्याने ट्रॅपच्या पूर्व व ईशान्य कडेला, म्हणजे विदर्भ व त्यालगतच्या मध्य प्रदेशात होती. सह्याद्रीतील जाड लाव्हाथरांमध्ये असे गाळाचे थर विरळ आहेत.

पान गाळात कसे जाते याचे आजचे उदाहरण मात्र याच परिसरात पाहता येते. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणासारख्या जलाशयात ओढ्यांबरोबर पाने वाहत येतात. जड झालेली पाने तळाशी बसतात व त्यांच्यावर बारीक गाळ साचतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वाळलेल्या गाळाच्या पापुद्र्यांत अशा पानांचे ठसे मिळू शकतात. ते जीवाश्म नव्हेत; परंतु जीवाश्मीभवनाची पहिली पायरी त्यांतून समजते. जाड व चिवट पाने अधिक टिकतात, नाजूक पाने आधी कुजतात आणि काठावरच्या झाडांची पाने दूरच्या झाडांच्या पानांपेक्षा अधिक संख्येने गाळात येतात. म्हणून जीवाश्मांत दिसणारे प्रमाण हे मूळ वनाचे जसेच्या तसे चित्र नसते.

## जतनाचे प्रकार

पर्णजीवाश्म मुख्यतः पुढील चार रूपांत आढळतात.

ठसा : पान पूर्ण नष्ट होते व गाळावर उमटलेला त्याचा आकार शिल्लक राहतो. यात कडा व शिरा दिसतात, पेशी दिसत नाहीत.

संपीडित अवशेष : गाळाच्या भाराने दबलेल्या पानाचा काळा कार्बनी पापुद्रा टिकतो. अनेकदा त्यात पानाची मेणयुक्त बाह्य त्वचा, म्हणजे उपत्वचा सुस्थितीत असते. ओळखीच्या दृष्टीने हा प्रकार विशेष उपयुक्त आहे.

अश्मीभूत पान : सिलिकायुक्त पाणी ऊतींत झिरपून पेशींच्या आत व भोवती सिलिका साचते. पानाचा आडवा छेद घेतल्यास त्यातील ऊतींचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. विदर्भातील अंतराट्रॅपी थरांतील चर्ट, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडात या प्रकारचे वनस्पतिअवशेष मिळतात.

सूक्ष्म अवशेष : पान नाहीसे झाले तरी त्याच्या पेशींत साचलेले सिलिकाचे कण, म्हणजे फायटोलिथ, टिकून राहतात. गवतांच्या फायटोलिथांचे आकार वैशिष्ट्यपूर्ण असल्यामुळे पान न सापडताही गवताचे अस्तित्व सिद्ध करता येते.

## ओळखण्याची पद्धत

### स्थान व खडक

ओळखीचा आरंभ पानापासून नव्हे, तर ते ज्या थरात सापडले त्या थरापासून होतो. खडक गाळाचा आहे की अग्निजन्य, थर कोणत्या दोन थरांच्या मध्ये आहे, सोबत शिंपले, माशांचे खवले किंवा परागकण आहेत काय, याची नोंद केली जाते. थराची नोंद नसलेला नमुना कितीही सुबक असला तरी त्याचे वय ठरविता येत नाही.

### पानाचे बाह्य रूप

यानंतर पान साधे आहे की संयुक्त, पात्याचा आकार, लांबी व रुंदी यांचे प्रमाण, पर्णाग्र, पर्णतल, देठ आणि कडा यांचे वर्णन केले जाते. कडा अखंड आहे की दंतुर, दात असल्यास त्यांचा आकार कसा व दातात शीर कशी शिरते, हे विशेष बारकाईने पाहतात. साधे पान व संयुक्त पानाचे सुटे झालेले पर्णदल यांत गल्लत होण्याचा संभव असतो. पळसाची तीन पर्णदले वेगवेगळी पडली तर मधले दल सममित व बाजूची दोन दले असममित दिसतात. एकाच पानाचे हे भाग दोन भिन्न वनस्पतींचे समजले जाऊ शकतात. म्हणून असममित पर्णतल दिसल्यास नमुना पर्णदलाचा असण्याची शक्यता तपासली जाते.

### शिराविन्यास

आवृतबीज पानांच्या ओळखीत शिराविन्यासाला मध्यवर्ती स्थान आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन फोन एटिंग्सहाउझेन यांनी एकोणिसाव्या शतकात शिरांच्या मांडणीचे वर्गीकरण सुरू केले. लिओ हिकी यांनी १९७३ मध्ये द्विदलिकित पानांच्या रचनेसाठी काटेकोर संज्ञा निश्चित केल्या आणि २००९ मध्ये बेथ एलिस व सहकाऱ्यांनी त्यांवर आधारित पुस्तिका प्रसिद्ध केली. या पद्धतीत मध्यशीर ही पहिल्या श्रेणीची, तिच्यापासून निघणाऱ्या शिरा दुसऱ्या श्रेणीच्या व त्यांना जोडणाऱ्या शिरा तिसऱ्या श्रेणीच्या मानून क्रमाने सर्वांत बारीक जाळीपर्यंत वर्णन केले जाते.

सह्याद्रीतील परिचित झाडांवरून यातील काही प्रकार समजतात. करमळाच्या पानात दुसऱ्या श्रेणीच्या शिरा सरळ कडेपर्यंत जाऊन दातांत संपतात. वड व उंबर यांच्या पानांत त्या कडेजवळ वळून पुढच्या शिरेला मिळतात व कमानी तयार होतात. जांभळाच्या पानात कडेला समांतर अशी एक सलग शीर असते. केळीच्या पानात मध्यशिरेपासून निघालेल्या असंख्य शिरा परस्परांना समांतर धावतात. पिंपळाचे पान पाण्यात कुजवून मुले जे जाळीदार पान तयार करतात, त्यात सर्व श्रेणींच्या शिरा उघड्या होतात. प्रयोगशाळेत तुलनेसाठी हेच काम सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने व रंजकाने केले जाते. अशा पारदर्शक केलेल्या पानांचे संग्रह जीवाश्मांशी ताडून पाहण्यासाठी वापरतात.

एकाच लक्षणावर विसंबण्यातील धोका तीन शिरांच्या पानांवरून स्पष्ट होतो. दालचिनीच्या प्रजातीतील पानांत तळाजवळून तीन ठळक शिरा निघून अग्राकडे जातात. बोराच्या पानातही तळापासून तीन शिरा निघतात. काजऱ्याच्या पानात अशा तीन ते पाच शिरा असतात. ही तिन्ही झाडे भिन्न कुलांतील आहेत. जीवाश्म पानात तीन शिरा दिसल्या म्हणून ते दालचिनीचे ठरत नाही. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या शिरांचे कोन, कडेचे स्वरूप व शक्य असल्यास उपत्वचा पाहिल्यावरच निर्णय घेता येतो.

### उपत्वचा

कार्बनी पापुद्रा नायट्रिक आम्ल व पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणात आणि नंतर सौम्य अल्कलीत ठेवला असता कोळशाचा अंश निघून जातो व पारदर्शक उपत्वचा मिळते. तिच्यावर बाह्यत्वचेच्या पेशींची आकृती, केसांचे तळ व त्वग्रंध्रे यांचे ठसे असतात. त्वग्रंध्रांभोवतीच्या पेशींची मांडणी गटागटांत भिन्न असते. सायकॅड व बेनेटायटेलीझ यांची पाने डोळ्यांना सारखी दिसतात, परंतु त्यांची त्वग्रंध्रे वेगळ्या रीतीने बनलेली असतात. बेनेटायटेलीझमध्ये रक्षक पेशी व त्यांच्या बाजूच्या साहाय्यक पेशी एकाच जनक पेशीपासून तयार झाल्याचे मानले जाते. सायकॅडमध्ये तसे नसते. हा फरक १९१३ मध्ये हॅमशॉ टॉमस व नेली बँक्रॉफ्ट यांनी दाखविला आणि पुढे रुडॉल्फ फ्लोरिन यांनी तो विस्ताराने मांडला. बाहेरून एकसारखी दिसणारी पाने दोन भिन्न गणांची असू शकतात, हे त्यामुळे सिद्ध झाले.

अश्मीभूत नमुन्यांसाठी वेगळी रीत वापरतात. दगडाचा कापलेला व घासून सपाट केलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने किंचित खरवडला जातो. सिलिका विरघळून पेशींच्या भित्ती वर राहतात. त्यावर ॲसिटोन टाकून सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ कागद चिकटवितात व सुकल्यावर सोलून काढतात. त्या कागदावर पेशींची रचना उतरलेली असते.

## प्रमुख गट

नेचे : संयुक्त व पुन्हा विभागलेली पाने, दुभंगत जाणाऱ्या शिरा आणि फलित पानांच्या मागील बाजूस बीजुककोशांचे पुंजके ही यांची लक्षणे होत. पुंजके नसतील तर पान निश्चितपणे नेच्याचेच आहे असे म्हणता येत नाही.

बेनेटायटेलीझ : हा क्रिटेशसच्या अखेरीस जवळजवळ नामशेष झालेला गट होय. भारतातील पूर्व क्रिटेशस थरांत टिलोफायलम ही यांची प्रजाती विपुल आहे. तिच्या लांबट पानात दोन्ही बाजूंना पिसासारखी दले असून ती मध्याक्षाच्या वरच्या पृष्ठभागावर जोडलेली असतात. दलांतील शिरा जवळजवळ समांतर असतात. झारखंडमधील राजमहाल टेकड्या व गुजरातमधील कच्छ ही तिची प्रसिद्ध स्थळे आहेत.

सायकॅड : यांची पाने टिलोफायलमसारखी दिसू शकतात. निर्णायक फरक उपत्वचेत असतो.

सूचिपर्णी : सुईसारखी, खवल्यासारखी किंवा पट्टीसारखी पाने बहुधा फांदीला चिकटलेल्या स्थितीत मिळतात. शंकू सोबत नसल्यास ती ब्रॅकिफायलम, पॅजिओफायलम किंवा इलॅटोक्लॅडस अशा आकारवाचक प्रजातींत ठेवतात.

गिंको : पंख्याच्या आकाराचे, दुभंगत जाणाऱ्या शिरांचे पान. आज या गटाची एकच जाती जिवंत आहे.

आवृतबीज : अनेक श्रेणींची जाळी व जाळीच्या खणांत मोकळ्या टोकाच्या शिरा ही द्विदलिकितांची, तर समांतर शिरा ही एकदलिकितांची सर्वसाधारण लक्षणे होत. ताडकुलातील पंख्यासारखी पाने आकारावरून तुलनेने सहज ओळखू येतात.

## वर्गीकरण व नामकरण

वनस्पतीचे अवयव विलग सापडत असल्यामुळे प्रत्येक अवयवाला स्वतंत्र शास्त्रीय नाव देण्याची प्रथा आहे. नावाच्या शेवटच्या भागावरून बहुधा अवयव कळतो : ‘फायलम’ म्हणजे पान, ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड, ‘कार्पॉन’ म्हणजे फळ व ‘अँथस’ म्हणजे फूल. ‘प्टेरिस’ हा शब्द नेचा या अर्थाचा असला तरी तो नावात असलेली प्रत्येक वनस्पती नेचा नसते. ग्लॉसोप्टेरिस व टीनिऑप्टेरिस ही याची उदाहरणे होत. जीवाश्म वनस्पतींच्या वैध नावांची गणना ३१ डिसेंबर १८२० पासून केली जाते. नवे नाव देताना वर्णन, चित्र व एक प्रारूप नमुना आवश्यक असतो. हा नमुना संग्रहालयात कायम ठेवला जातो, जेणेकरून पुढील अभ्यासकांना मूळ वस्तू पुन्हा तपासता येईल.

एकाच वनस्पतीला अशी अनेक नावे मिळाल्याचे उत्तम उदाहरण राजमहाल टेकड्यांतील आहे. बिरबल साहनी यांनी १९३२ मध्ये विल्यमसोनिया स्यूअर्डियाना या वनस्पतीची पुनर्रचना प्रसिद्ध केली. टिलोफायलम हे पान, बकलंडिया हे खोड व विल्यमसोनिया हे फुलासारखे जननेंद्रिय एकाच वनस्पतीचे भाग आहेत, असे त्यांनी दाखविले. १९४८ मध्ये त्यांनी पेंटॉक्सिली हा गटही असाच मांडला. त्यात पेंटॉक्सिलॉन हे खोड, निपानिओफायलम हे पान व कार्नोकोनाइटिस हा बीजधारी शंकू एकत्र आले. निपानिओफायलमचा बाह्य आकार टीनिऑप्टेरिस या लांबट पट्टीसारख्या पानाचा आहे. हाच आकार सायकॅड व बेनेटायटेलीझ यांच्यातही आढळतो. म्हणून टीनिऑप्टेरिस हे नाव नात्याचे नव्हे, तर केवळ आकाराचे निदर्शक मानले जाते.

आधुनिक प्रजातींची नावे क्रिटेशस पानांना देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात होता. उत्तर अमेरिकेतील क्रिटेशस पानांना बाह्य साम्यावरून अंजीर, पॉप्लर इत्यादींच्या प्रजातींत घालण्यात आले. पुढील तपासणीत यांतील बहुसंख्य नावे टिकली नाहीत. डेव्हिड डिल्चर यांनी १९७४ मध्ये या पद्धतीची चिकित्सा करून सूक्ष्म शिरा व उपत्वचा यांचा आधार घेण्याचा आग्रह धरला. ओळख निश्चित नसताना पानांना क्रमांक देऊन केवळ ‘आकारगट’ म्हणून नोंदविण्याची रीत आता सर्वमान्य आहे.

अचूक वर्गीकरणावर मोठे निष्कर्ष अवलंबून असतात. क्रिटेशसच्या शेवटी किती वनस्पती नष्ट झाल्या, हे सीमेच्या खालच्या व वरच्या थरांतील पानांचे प्रकार मोजून काढले जाते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील पानांच्या नोंदींवरून पीटर विल्फ व कर्क जॉन्सन यांनी २००४ मध्ये ही हानी जास्तीत जास्त ५७ टक्के असल्याचे मांडले. एकाच जातीची पाने दोन जाती म्हणून मोजली किंवा दोन जाती एक समजल्या, तर असा आकडा बदलतो.

## महाराष्ट्र व लगतचा प्रदेश

लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये साचलेल्या गाळाच्या थरांना अंतराट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळील टाकळी येथील थरांतून स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जीवाश्म गोळा केले. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्धा जिल्ह्यातील नवरगाव व मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलाँ ही पुढे महत्त्वाची स्थळे ठरली. या थरांत लाकूड, फळे, बिया व फुले अधिक असून पाने तुलनेने कमी आहेत.

या संशोधनात महाराष्ट्रातील अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. के. पी. रोडे यांनी ताडकुलातील अश्मीभूत अवशेषांचा अभ्यास केला. रोडाइटिस ही पाण्यातील नेच्याची जीवाश्म प्रजाती त्यांच्या नावाने ओळखली जाते. नागपूरचे व्ही. बी. शुक्ला यांनी साहनीअँथस या फुलाचे वर्णन केले. हे फूल व साहनी यांनी वर्णिलेले एनिग्मोकार्पॉन हे फळ एकाच वनस्पतीचे मानले जाते. श्या चितळे यांनी मोहगावकलाँच्या चर्टमधील वनस्पतींवर दीर्घकाळ काम केले व पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिविज्ञानाचा विभाग सांभाळला. पुण्याचे टी. एस. महाबळे यांनी जिवंत व जीवाश्म अशा दोन्ही ताडवर्गीय वनस्पतींचा तौलनिक अभ्यास केला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे ट्रॅपखालील लॅमेटा थरांत अश्मीभूत विष्ठा सापडते. ती दीर्घग्रीव डायनोसॉरांची असावी असे मानले जाते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ मध्ये त्या विष्ठेतील फायटोलिथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गवतांचे एकाहून अधिक प्रकार आढळले. गवते क्रिटेशसच्या अखेरीसच विविध झाली होती, हे यावरून दिसून आले. एकही अखंड पान हाती नसताना पानांतील सिलिकाकणांवरून काढलेला हा निष्कर्ष आहे.

### वयाचा वाद

वनस्पतींच्या ओळखीवरून संपूर्ण दख्खन ट्रॅपचे वय ठरविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. ट्रॅप क्रिटेशस आहेत की तृतीय कल्पातील, हा प्रश्न साहनी यांनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. नायपा या खारफुटीच्या ताडाची फळे व इतर वनस्पती यांचे इंग्लंडमधील इओसीन काळाच्या वनस्पतींशी साम्य असल्यामुळे त्यांनी तृतीय कल्पाचा पक्ष घेतला. हे मत दीर्घकाळ प्रभावी राहिले. पुढे डायनोसॉरांचे अवशेष, परागकण, खडकांतील प्राचीन चुंबकत्व व किरणोत्सर्गी कालमापन यांचे पुरावे जमा झाले आणि उद्रेकाचा मुख्य काळ क्रिटेशस–पॅलिओजीन सीमेला लागून असल्याचे स्पष्ट झाले. काही अंतराट्रॅपी थर सीमेच्या आधीचे व काही नंतरचे आहेत. मुंबईचे थर तुलनेने नंतरचे मानले जातात. साहनी यांची वनस्पतींची वर्णने आजही उपयोगात आहेत. बदलला तो त्यांवरून काढलेला वयाचा निष्कर्ष. एखादी प्रजाती एका प्रदेशात इओसीन काळात विपुल असली, तरी दुसऱ्या प्रदेशात ती आधी अवतरलेली असू शकते.

## पानांवरून हवामानाचा अंदाज

उष्ण प्रदेशातील द्विदलिकित वृक्षांत अखंड कडेच्या पानांचे प्रमाण अधिक व थंड समशीतोष्ण प्रदेशात दंतुर पानांचे प्रमाण अधिक असते, हे इर्व्हिंग बेली व एडमंड सिनॉट यांनी १९१५ मध्ये दाखविले. जॅक वुल्फ यांनी १९९३ मध्ये पानांची अनेक लक्षणे एकत्र घेऊन तापमान व पर्जन्य काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. तिच्यासाठी एका स्थळावरील किमान २० काष्ठमय द्विदलिकित जातींची पाने लागतात. जातीचे नाव ठाऊक नसले तरी चालते. मात्र एक जाती दुसरीपासून अचूक वेगळी करावी लागते. पिंपळाच्या पानासारखे लांब, निमुळते अग्र हे दमट हवामानाचे सूचक असू शकते, परंतु एका पानावरून असा निष्कर्ष काढला जात नाही.

## फसवे जीवाश्म

बेसॉल्टच्या प्रदेशात पानांसारख्या दिसणाऱ्या अनेक आकृती आढळतात. भोर–वेल्हे परिसरात एखादा नमुना पाहताना प्रथम यांचा विचार करावा लागतो.

खनिजांच्या शाखाकृती : दगडाच्या भेगांत मँगेनीज व लोह यांची ऑक्साइडे साचून नेच्यासारखी काळी नक्षी उमटते. तिला डेंड्राइट म्हणतात. तिच्यात मध्यशीर, देठ व ठरावीक कडा नसतात. फांद्या भेगेच्या कडेपासून आत वाढलेल्या व अनियमित असतात. नेच्याच्या पानात दले ठरावीक अंतराने व नियमित क्रमाने असतात.

शेवाळी अकीक : पारभासक दगडात हिरवी किंवा काळी धाग्यांसारखी आकृती दिसते. नावात शेवाळ असले तरी ती खनिजांचीच असते.

झिओलाइटचे पुंजके : बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांसारख्या खनिजांचे पंख्यासारखे स्फटिक वाढतात. पुणे जिल्हा अशा खनिजांसाठी प्रसिद्ध आहे. स्फटिकांना चकाकी असते व ते सर्व दिशांना पसरलेले असतात. पान एका प्रतलात असते.

अलीकडची पाने : चुनायुक्त पाण्याच्या ओघळीत पडलेल्या पानांवर चुन्याचा थर बसून कठीण ठसे तयार होतात. ठसा खऱ्या पानाचाच असतो, पण तो आजच्या झाडाचा असतो.

## नोंद व जतन

गाळाच्या खडकात पानाचा ठसा आढळल्यास त्याचे मापपट्टीसह छायाचित्र, अक्षांश-रेखांश, थराची जाडी व खालच्या-वरच्या थरांचे वर्णन नोंदविणे आवश्यक असते. दगड फुटून ठशाच्या दोन बाजू मिळाल्यास दोन्ही जपल्या जातात, कारण एकीवर न दिसणाऱ्या शिरा दुसरीवर दिसू शकतात. पृष्ठभाग घासणे किंवा त्यावर वॉर्निश लावणे टाळतात. त्यामुळे उपत्वचा कायमची नष्ट होऊ शकते. रस्ता रुंदीकरण, खाणकाम व विक्रीसाठी होणारा उपसा यांमुळे थर हलविले गेले, की मागे राहिलेल्या सुट्या नमुन्यांचा शास्त्रीय उपयोग फार थोडा उरतो.

भारतात या विषयाचे प्रमुख केंद्र लखनौ येथील १९४६ मध्ये स्थापन झालेली व बिरबल साहनी यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्था व भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र येथे वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यातील घुघुवा येथे अंतराट्रॅपी काळातील वनस्पती जागच्या जागी राखणारे राष्ट्रीय जीवाश्म उद्यान आहे.